लाव्हा नलिकेतील बर्फाचा जमाखर्च कसा मांडावा

लाव्हा नलिकेत, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेल्या नळीसारख्या गुहेत, उतरल्यावर दिव्याच्या उजेडात बर्फाची गुळगुळीत फरशी चमकताना दिसली, की बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो तिच्या वयाचा. मला त्याआधीचा एक प्रश्न अधिक मोलाचा वाटतो: हा बर्फ सध्या वाढतो आहे की घटतो आहे, आणि कशामुळे? नजर कितीही अनुभवी असली तरी एका भेटीत याचे उत्तर मिळत नाही. त्याच जागी, त्याच ऋतूत आणि त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे घेतलेली मापेच ते देऊ शकतात. अशी मापे कशी घ्यावीत, ती घेताना बर्फाला इजा कशी होऊ देऊ नये आणि हाती आलेल्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा, ते पुढे सांगितले आहे.

थंडी आत का टिकते

प्रवाही बेसॉल्ट लाव्हाचा वरचा थर निवून त्याचे कवच बनते, आतला रस मात्र वाहत राहतो, आणि उद्रेक ओसरल्यावर तो उताराने निघून गेला की मागे नळीसारखी पोकळी उरते. पुढे छताचा एखादा भाग कोसळतो आणि गुहेला तोंड फुटते. हे तोंड वरच्या बाजूला असेल, गुहा तेथून खाली उतरत असेल आणि दुसरीकडे वाट नसेल, तर हिवाळ्यात बाहेरची थंड, जड हवा जमिनीलगत आत ओघळते आणि आतली तुलनेने उबदार हवा छतालगत बाहेर पडते. उन्हाळ्यात बाहेरची हवा हलकी असल्यामुळे ती तळातल्या थंड हवेला हलवू शकत नाही. थंडीला आत येण्याची वाट आहे, पण उष्णतेला जवळजवळ नाही. म्हणूनच ज्या प्रदेशाचे वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या वर आहे, तेथेही अशा गुहांमध्ये बारमाही बर्फ सापडतो.

याची उदाहरणे एकमेकांपासून फार दूरदूरच्या मुलखांत आहेत. न्यू मेक्सिकोतील बँडेरा ज्वालामुखीजवळच्या गुहेत तापमान उणे ०.६ अंश सेल्सिअसच्या वर जात नाही आणि तेथील बर्फाची फरशी सुमारे ६ मीटर जाड आहे. जपानमध्ये फुजी पर्वताच्या इ. स. ८६४ मधील उद्रेकाच्या लाव्हात नारुसावा आणि फुगाकू या थंड गुहा आहेत. फुगाकूचे सरासरी तापमान ३ अंशांच्या आसपास असल्याने तेथे एकेकाळी रेशीमकिड्यांची अंडी साठवत असत. सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर, १६१४ ते १६२४ या काळातील उद्रेकाच्या लाव्हात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर ‘ग्रोत्ता देल जेलो’ आहे. टेनेरीफ बेटावरील तेइदे ज्वालामुखीची बर्फगुहा तर जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १७९९ मध्ये वाटेत थांबून पाहिली होती.

काही नलिकांना दोन तोंडे असतात, एक खाली आणि एक वर. तेथे धुराड्यासारखा प्रकार घडतो: हिवाळ्यात थंड हवा खालच्या तोंडातून ओढली जाते व उबदार होत वरच्या तोंडातून बाहेर पडते, आणि उन्हाळ्यात हा प्रवाह उलटा फिरतो. अशा गुहेत बर्फ सहसा खालच्या तोंडाजवळच्या पट्ट्यात सापडतो. आपली गुहा या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे हे ठरवल्याशिवाय मोजणीच्या जागा निवडू नयेत.

नुसती थंडी मात्र पुरेशी नसते, पाणीही लागते. हिवाळ्यात भिंती आणि छत गोठणबिंदूच्या खाली जातात, पण त्या वेळी वरची जमीन गोठलेली असते आणि पाणी झिरपत नाही. वसंतात वरचे हिम वितळून त्याचे पाणी छताच्या भेगांमधून खाली टपकते. खडक तेव्हाही शून्याखाली असतो, त्यामुळे ते पाणी लगेच गोठते. एक घनमीटर बेसॉल्ट एक अंशाने शून्याखाली गेला, तर त्यात साठलेली थंडी जवळपास ७ किलो पाणी गोठवू शकते. खडक सच्छिद्र असेल तर थोडे कमी. यावरून बर्फ सर्वांत जास्त केव्हा असतो हे लक्षात येईल. भर हिवाळा ही ती वेळ नसून वसंताची अखेर ही ती वेळ असते. सर्वांत कमी बर्फ शरदाच्या अखेरीस, पहिली कडक थंडी पडण्याआधी असतो. वर्षातून दोन भेटी ठरवायच्या त्या याच दोन वेळांना ठरवाव्यात. एकाच वर्षीच्या मे महिन्याची आणि ऑक्टोबर महिन्याची मापे शेजारी मांडून कोणी बर्फ आटल्याचा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष फक्त ऋतू बदलल्याचा असतो. तुलना नेहमी शरदाची शरदाशी आणि वसंताची वसंताशी करावी.

आत जाण्यापूर्वी

बहुतेक बर्फगुहा संरक्षित क्षेत्रात असतात, म्हणून जमिनीची देखरेख करणाऱ्या यंत्रणेची लेखी परवानगी घ्यावी आणि तीत मोजणीच्या खुणा करण्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. गुहेत वटवाघळे शीतनिद्रेत असतील, तर त्या महिन्यांत जाऊ नये. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट आणि दोर निर्जंतुक केल्याशिवाय आत नेऊ नयेत, कारण वटवाघळांना मारक ठरणारी बुरशी अशाच सामानावरून पसरते. शिरस्त्राण, प्रत्येकी तीन स्वतंत्र दिवे, किमान तिघांचा गट आणि बाहेर कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवणे, यांत कोणतीही सूट नाही. बर्फाची फरशी खालून पोकळ असू शकते. पाऊल टाकण्यापूर्वी काठीने ठोकून पाहावे, आणि आवाज घुमला तर तेथे जाऊ नये.

आपल्या अंगची उष्णताही हिशेबात धरावी लागते. शांत उभा असलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो, म्हणजे तासाला ३६० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. ही सगळी उष्णता बर्फातच गेली असे धरले, तर एका माणसाच्या एका तासाने किलोभराहून थोडा अधिक बर्फ वितळेल. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग हवेत आणि खडकात जातो, तरीही दहा जणांनी छोट्या कोठडीत दोन तास रेंगाळणे हे नुकसानच आहे. हिमतुषारांचे, म्हणजे हवेतल्या वाफेपासून गोठलेल्या स्फटिकांचे, नाजूक षटकोनी पापुद्रे तर एका श्वासाने गळून पडतात. म्हणून आतल्या कोठडीत दोघांनीच जावे, काम आधी बाहेर ठरवून घ्यावे आणि ते उरकून लगेच निघावे. बुटांना लावायचे खिळ्यांचे तळवे बर्फावर शक्यतो वापरूच नयेत, कारण त्यांचे ओरखडे पुढच्या छायाचित्रांमध्ये वर्षानुवर्षे दिसत राहतात.

पातळी मोजणे

या कामाचा कणा म्हणजे एक स्थिर बिंदू. बर्फ हलतो आणि वितळतो, त्यामुळे खूण खडकात हवी: छतातील किंवा भिंतीतील भक्कम, सैल नसलेल्या भागावरची. परवानगी असेल तर गंज न चढणारा छोटा स्क्रू बसवावा. नसेल तर नैसर्गिक टोक निवडून त्याचे जवळून आणि लांबून छायाचित्र घ्यावे, म्हणजे दुसऱ्या माणसालाही ते नेमके सापडेल. एका फरशीसाठी किमान तीन बिंदू घ्यावेत आणि ते एका रेषेत नसावेत. एकच बिंदू घेतला तर त्याच्याखाली पाण्याची धार पडून बर्फाचा उंचवटा झाला आहे, की सगळी फरशीच वर आली आहे, हे कळत नाही. कॅलिफोर्नियातील लाव्हा बेड्स या राष्ट्रीय स्मारकात अनेक गुहांचा बर्फ अशाच साध्या मापांनी, ठरलेल्या खुणांपासून बर्फापर्यंतचे अंतर घेऊन, दीर्घकाळ नोंदवला गेला आहे. महागड्या यंत्रापेक्षा चिकाटी अधिक उपयोगी पडते, हे तेथील नोंदी पाहिल्यावर पटते.

अंतर मोजण्यासाठी ओळंबा आणि पोलादी मोजपट्टी ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. बिंदूपासून ओळंबा सोडावा, तो पूर्ण थांबू द्यावा, टोक बर्फाला टेकण्याच्या क्षणी दोरी चिमटीत धरून मग लांबी मोजावी. तीन वेळा मोजावे आणि तिन्ही आकडे मिलिमीटरमध्ये लिहावेत. सरासरी घरी काढावी. तीन आकड्यांमध्ये ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौथे आणि पाचवे माप घ्यावे.

लेझर अंतरमापक वापरायचा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हळूहळू गोठलेला बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो. लाल ठिपका त्याच्या पृष्ठभागावर उमटत नाही. तो आत शिरतो आणि दोन-तीन बोटे खाली अडकलेल्या बुडबुड्यावर किंवा तळच्या काळ्या खडकावर जाऊन पसरतो. यंत्र निमूटपणे त्याच खोलीचा आकडा दाखवते. त्यामुळे ठिपक्याच्या जागी पोस्टकार्डाएवढा पांढरा, अपारदर्शक, पातळ पत्रा ठेवून त्यावर माप घ्यावे, पत्र्याची जाडी त्यात मिळवावी आणि नोंदीत ‘पत्र्यासह’ असा शब्द लिहावा. बर्फावर पाण्याचा थर असेल तर त्याची खोली वेगळी नोंदवावी, कारण ते पाणी गोठेल की निघून जाईल हे त्या दिवशी ठरलेले नसते.

पातळी खाली गेली एवढ्यावरून बर्फ वरून वितळला असे मात्र म्हणता येत नाही. तो तळातूनही वितळतो. पृथ्वीच्या पोटातून येणारी उष्णता खंडांवर सरासरी दर चौरस मीटरला ०.०६ वॅटच्या आसपास असते. ही फारच क्षुल्लक वाटते, पण वर्षभर ती तळाला लागत राहिली तर सुमारे ६ मिलिमीटर बर्फ वितळवू शकते, आणि ज्वालामुखी प्रदेशात ती याहून बरीच जास्त असू शकते. वरची घट आणि खालची घट वेगळी करण्यासाठी बर्फात एक लाकडी काठी गोठवून ठेवावी. हाताने फिरवायच्या गिरमिटाने बारीक, खोल भोक पाडून तीत काठी बसवावी. लाकूडच घ्यावे, कारण धातू उष्णता वाहून नेतो आणि स्वतःभोवती खळगा करतो. पुढच्या भेटीत दोन मापे घ्यावीत: छतापासून बर्फापर्यंतचे अंतर आणि काठीचा उघडा भाग. दोन्ही सारखेच वाढले असतील तर बर्फ वरून गेला. अंतर वाढले पण काठी तेवढीच उघडी राहिली असेल तर फरशी खालून रिकामी होऊन खचते आहे. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा असतो. लाव्हा बेड्समधील मेरिल गुहेत एकेकाळी बर्फाची मोठी फरशी होती. तिला भोक पडले आणि पुढे तो बर्फ झपाट्याने नाहीसा झाला.

छायाचित्रे याच भेटीत, त्याच जागेवरून, त्याच भिंगाने आणि दिवा त्याच बाजूला ठेवून घ्यावीत. चौकटीत मापाची पट्टी हवी आणि खडकाचा न बदलणारा भागही हवा. दिव्याची जागा बदलली तर तोच बर्फ कधी फुगीर, तर कधी खोल दिसतो. ज्यांना जमेल त्यांनी शंभरेक एकमेकांवर चढणारी छायाचित्रे घेऊन त्रिमितीय प्रतिकृती करावी, पण तिच्यामुळे ओळंब्याचे माप टाळू नये.

तापमानाची नोंद

डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारी छोटी यंत्रे, किमान पाच लावावेत: बाहेर सावलीत, तोंडाशी छतालगत, तोंडाशी जमिनीलगत, बर्फाच्या वर हातभर आणि खडकाच्या भेगेत. तासाला एक नोंद पुरते. नेण्यापूर्वी आणि परत आणल्यावर त्यांची शून्याशी पडताळणी करावी. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरावा, फटी भरतील एवढेच थंड पाणी घालावे, लॉगर पातळ पिशवीत घालून मध्यभागी खुपसावा, अधूनमधून ढवळावे आणि अर्ध्या तासाने वाचावे. तो शून्याऐवजी ०.३ दाखवत असेल तर पुढच्या सगळ्या नोंदींतून ०.३ वजा करावेत. बर्फाच्या गुहेत सगळा खेळ शून्याच्या अलीकडे-पलीकडे चालतो, त्यामुळे ही दुरुस्ती केली नाही तर वर्षभराच्या नोंदी वाया जातात.

वर्षभराचा आलेख काढल्यावर गुहेचा स्वभाव उघड होतो. एकाच तोंडाच्या उतरत्या गुहेत, बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की आतली रेषा तिच्या मागोमाग खाली जाते, आणि बाहेर उबारा आला की ती बाहेरची साथ सोडून जवळजवळ आडवी राहते. भर उन्हाळ्यातही आतली रेषा बाहेरच्या रोजच्या चढउताराबरोबर हलत असेल तर कोठेतरी दुसरी वाट आहे असे समजावे. हलक्या रेशमी फितीचा तुकडा भेगांपुढे धरून ती शोधावी. धूर वापरू नये, कारण काजळी बर्फावर बसते. वितळण्याच्या काळात बर्फाजवळची रेषा आठवडेच्या आठवडे शून्यावर खिळलेली दिसेल. तेथे येणारी उष्णता तापमान वाढवण्याऐवजी बर्फ वितळवण्यात खर्च होत असते. एक किलो बर्फ नुसता वितळायला लागणारी उष्णता तेवढ्याच पाण्याला शून्यापासून जवळपास ८० अंशांपर्यंत तापवू शकली असती. यामुळे रेषा स्थिर आहे म्हणून बर्फही स्थिर आहे, असे मानण्याची चूक सहज होते. तापमान पातळीच्या मापांशेजारी ठेवूनच वाचावे.

बर्फाचा पृष्ठभाग वाचणे

आकड्यांइतकेच लक्ष पृष्ठभागाकडे द्यावे. ओला, चकचकीत आणि कडेने खडकापासून सुटलेला बर्फ वितळत असतो. बर्फ आणि भिंत यांच्यामधली फट खडकाची ऊब सांगते आणि तिची रुंदीही मोजून ठेवावी. कोरडा, निस्तेज, उथळ वाट्यांसारख्या खळग्यांनी भरलेला आणि वर धूळ साचलेला बर्फ संप्लवनाने, म्हणजे पाणी न होता थेट वाफेत जाऊन, घटत असतो. हे भर हिवाळ्यातही घडते, कारण थंड हवा आत येताना कोरडी असते. त्याच हिवाळ्यात थोडे आत, दमट हवा थंड खडकाला भिडते तेथे हिमतुषार वाढतात. आरशासारखी सपाट फरशी साचलेल्या पाण्याची असते, आणि तिच्यातील उभे बुडबुडे पाणी वरून खाली गोठत गेल्याचे दाखवतात. छतावरून लोंबणारे सुळे आणि खालून वर वाढणारे खांब थेंबांच्या जागा सांगतात. ते नकाशावर खुणावून ठेवावेत. पांढरी भुकटी दिसली तर तिला धूळ समजून पुसू नये. पाणी गोठताना त्यातील क्षार बाहेर टाकले जातात आणि त्यांतूनच अशी खनिजे बनतात. भिंतीवरील फिकट आडवी रेघ ही बहुधा जुन्या पातळीची खूण असते आणि तिची उंचीही वहीत यावी.

बर्फातील थरांना हात लावू नये हे मी आवर्जून सांगतो. न्यू मेक्सिकोतील एल मालपाइस या लाव्हा प्रदेशातील एका लाव्हा नलिकेतील उरल्यासुरल्या बर्फात कोळशाचे थर सापडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इ. स. १५० ते ९५० या काळात पाच अवर्षणांच्या वेळी तेथील पूर्वज प्वेब्लो लोकांनी (आजच्या प्वेब्लो या मूळ अमेरिकी समाजांच्या पूर्वजांनी) आग लावून हा बर्फ वितळवला आणि त्याचे पाणी वापरले. एवढी मोठी गोष्ट काही सेंटीमीटरच्या काळ्या रेघांमध्ये लिहिलेली होती. कोणी बुटाने ती खरवडली असती तर आपल्याला ती कधीच कळली नसती.

हिशेब आणि कारणे

समजा, ४० चौरस मीटरची फरशी एका शरदापासून पुढच्या शरदापर्यंत ३ सेंटीमीटर खाली गेली. घनफळ १.२ घनमीटर झाले. बर्फाची घनता दर घनमीटरला ९१७ किलो, म्हणजे सुमारे १,१०० किलो बर्फ गेला आणि त्यासाठी जवळपास ३६८ मेगाज्यूल उष्णता लागली. आता संशयितांची छाननी करावी. माणसांची उष्णता म्हणावी, तर सगळी बर्फात शिरली असे धरूनही एक हजाराहून जास्त माणूस-तास लागतील. वर्षभरात तेवढे लोक आलेच नसतील तर तो संशय सोडावा. भूगर्भाची उष्णता म्हणावी, तर तिचा वाटा ६ मिलिमीटरच्या आसपास निघतो. उरलेली घट हवा आणि पाणी यांच्याकडे बोट दाखवते. ५ अंशांचे एक किलो पाणी आत आले तर ते सुमारे ६३ ग्रॅम बर्फ वितळवते, म्हणून हिवाळ्यात हिमाऐवजी पाऊस पडू लागला तर दुहेरी तोटा होतो. हवेचा विचार करताना त्या हिवाळ्यातील थंडीचे एकूण तास पाहावेत, आणि तोंडाशी लवकर पडलेल्या हिमाने वाट बुजवून थंडी बाहेरच अडवली होती का, छताचा नवा तुकडा कोसळला का, वरची झाडी जळाली किंवा तोडली गेली का, कोणी हवा अडवणारे दार बसवले का, तेही तपासावे. एका वर्षाच्या आकड्यावरून हवामानबदलाचा निर्णय देऊ नये; पाच-दहा वर्षांची शरदातील मापे सलग खाली जात असतील तरच तसे बोलावे. हवाई बेटावरील मौना लोआ ज्वालामुखीच्या उंच उतारावरच्या बर्फगुहेत, विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ, पूर्वी नोंदलेली बर्फाची फरशी आता बरीच आक्रसली आहे. ते वाचताना मन विषण्ण होते, आणि अशा प्रत्येक गुहेचे माप आजच घेऊन ठेवावे असे तीव्रतेने वाटते.

एक इशारा येथेच द्यायला हवा. अंटार्क्टिकातील एरेबस किंवा अमेरिकेतील रेनियर या ज्वालामुखींच्या माथ्यावरील गुहांना ही पद्धत लागू होत नाही. तेथे ज्वालामुखीची ऊब आणि वाफ हिमनदीच्या तळाला वितळवून बर्फातच गुहा कोरते, खालचा खडक उबदार असतो आणि खोलगट जागी कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो. वायूमापक आणि त्या कामाचा जाणकार सोबत असल्याशिवाय तेथे पाऊल टाकू नये.

नोंदवही

प्रत्येक भेटीची नोंद त्याच दिवशी पूर्ण करावी: तारीख, आत राहिलेल्या माणसांची संख्या आणि तास, प्रत्येक बिंदूची तिन्ही मापे, काठीचा उघडा भाग, भिंतीलगतच्या फटीची रुंदी, पाण्याची खोली, लॉगरचे क्रमांक व त्यांची दुरुस्ती, आणि पृष्ठभागाचे दोन ओळींत वर्णन. पेन्सिलने लिहावे, कारण दमट थंडीत शाई फुटते. बिंदूंचा नकाशा आणि छायाचित्रे परवानगी देणाऱ्या यंत्रणेकडे जमा करावीत, गुहेची नेमकी जागा मात्र सार्वजनिक ठिकाणी देऊ नये. पुढच्या शरदात जाणारा माणूस आपल्याऐवजी दुसरा असेल असे धरून, तोंडापासून पहिल्या बिंदूपर्यंतची वाट पावलागणिक लिहून ठेवावी, आणि जमल्यास त्याला एकदा सोबत नेऊन, आपण काही न बोलता, केवळ वहीच्या आधारे तो बिंदू त्याच्याकडून शोधून घ्यावा.